बिल्ला नंबर सदतीस

१२ डिसेंबर १९५३, शनिवार
आजपासून रोजनिशी. पुढे मोठा झाल्यावर माणसाला तारखा आठवत नाहीत. ही कोणी वाचू नये अशी इच्छा आहे. तरी अक्षर जपून काढतो आहे.

आज आयुष्याला कलाटणी. इस्पितळात अमेरिकेहून दुधाच्या भुकटीची खोकी आली. डबे फुटू नयेत म्हणून मध्ये छापील कागद कोंबलेले. मुख्य आया तानाबाई त्या कागदांनी कंदिलाच्या काचा पुसत होती. तिच्या हातातून एक कागद ओढून घेतला, तर तिकडच्या एका विद्यापीठाचं माहितीपत्रक! मास्टर्स डिग्री इन हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन. म्हणजे डॉक्टर न होता दवाखाना चालवायची पदवी. शेवटच्या पानावर अर्ज. एका कोपऱ्याला काजळी, बाकी शाबूत.

अटी : बी.ए. (आहे. तिसरा वर्ग, पण वर्ग विचारलेला नाही.) इस्पितळातला अनुभव (सात वर्षं हेडक्लार्क.) वरिष्ठांची शिफारस (मिळेल.) आणि एक निबंध : आपल्या संस्थेतला एक प्रश्न आपण कसा सोडवला, सहा आठवड्यांच्या आकड्यांसह. सगळं मार्चअखेर तिकडे पोचलं पाहिजे.

प्रश्न सोडवणारा माणूस तयार आहे. फक्त प्रश्न शोधायचा.

१३ डिसेंबर
घरी सांगितलं. बाबांना आनंद झाला असावा, पण दाखवला नाही. म्हणाले, इस्पितळ चालवायला पदवी कशाला लागते, तानाबाईनं कुठली घेतली आहे? संस्थान विलीन होऊन पाच वर्षं झाली, तरी बाबांचा, म्हणजे दरबारातल्या जुन्या दत्तोपंतांचा, खोचकपणा काही विलीन होत नाही.

सरोजिनीनं विचारलं, केव्हा जायचं? म्हटलं, सप्टेंबर, दोन वर्षं. ती म्हणाली, म्हणजे बाळ पाच महिन्यांचं असेल. मी म्हटलं, छान, तुझा वेळ चांगला जाईल. त्यावर ती उठली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली. मोठी बातमी पचायला वेळ लागतो.

१६ डिसेंबर
प्रश्न सापडला. सकाळी दहाला वॉर्डांतून मोजत फिरलो. खाटा ६२. रुग्ण ५८. इतर माणसं ३११.

ही ३११ माणसं काय करत होती? एक जण भाकरी कुस्करून भरवत होता. एक म्हातारी दुसऱ्याच कोणाच्या तरी पेशंटचे पाय चेपत होती. पाठीचं हाड मोडलेल्या नागाप्पाभोवती कोडोलीचे तेवीस लोक. त्यातल्या एकाला नागाप्पा कोण हे ठाऊक नव्हतं. बाजाराला आला होता, गावचं कोणी दवाखान्यात आहे कळलं, आला. मला म्हणाला, बसा की पावणं. माझ्याच इस्पितळात मला!

तानाबाईला जाब विचारला. ती म्हणाली, सायेब, मयताला न्हाय ग्येलं तर चालतं, मेल्यालं इचाराय येत न्हाय. पर दवाखान्यात बघाय न्हाय ग्येलं तर बरं झाल्यावर त्यो जलमभर इचारतोय.

हे अडाणीपण नाहीसं करणं हाच माझा निबंध.

२२ डिसेंबर
योजना पूर्ण. दर खाटेमागे दोन टिनाचे बिल्ले, १२४ नग, नंबर ठोकलेले. पापाची तिकटीजवळच्या पत्रेवाल्याला काम दिलं. नियम असे :

१. बिल्ला असल्याशिवाय फाटकातून प्रवेश नाही.
२. रुग्ण सोडून आत असणाऱ्या प्रत्येक जिवाच्या गळ्यात बिल्ला दिसला पाहिजे.
३. बिल्ला फाटकावर परत करावा.
४. इस्पितळाच्या नोकरांनीही स्वतःच्या आप्तास भेटताना बिल्ला घातलाच पाहिजे. सवलत नाही.

नियम २ मध्ये आधी 'इसम' होतं. 'जीव' जास्त भारदस्त वाटलं. चौथ्या नियमावर मी विशेष खूष आहे. असं तिकडच्या लोकांना आवडतं.

सुपरिंटेंडेंट डॉ. सरनोबतांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि तानाबाईला विचारलंत का, एवढंच म्हणाले. म्हटलं, सर, हा धोरणाचा भाग आहे. कळंब्याच्या जेलात भेटीला नियम आहेत, मग आपल्याकडे का नकोत? ते म्हणाले, तिथले लोक पळून जाऊ नयेत म्हणून आहेत. हे विषयाला धरून नव्हतं.

१ जानेवारी १९५४
नववर्षाचे संकल्प : पहाटे पाचला उठणे. रंकाळ्यावर इंग्रजीत मोठ्याने बोलत फिरणे. काट्याने जेवणे. लोकरी कोट शिवणे व सवय म्हणून वापरणे. तानाबाईवर न चिडणे.

आज सुट्टी म्हणून पाचला उठलो नाही. उद्यापासून.

४ जानेवारी, सोमवार
बिल्ले सुरू. फाटकावर शिवय्या काठी घेऊन उभा. दहा वाजता आत फक्त ११९ माणसं! ३११ चे ११९! निबंधाचं पहिलं वाक्य घरी येता येता सुचलं. दारात पोचेपर्यंत विसरलो, पण उत्तम होतं.

६ जानेवारी
काट्याने झुणका खाल्ला. झुणका काट्यातून खाली पडतो. बाबा म्हणाले, तिकडे झुणका मिळणार नाही, तू उगाच त्रास करून घेतोस. पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं पटलं. हाताने खाल्ला.

१२ जानेवारी
दहा वाजता मोजले. बिल्ले १२४. माणसं ३४०.

हे गणितात बसत नाही. पुन्हा मोजले. ३४३.

दुपारी उलगडा. बिल्ला घालून एक जण आत जातो, वॉर्डाच्या मागच्या खिडकीतून बिल्ला लुगड्याच्या काठाला बांधून खाली सोडतो. खालचा माणूस तो घालून फाटकातून येतो. असं दिवसभर. शिवय्याला सगळं दिसत होतं. तो म्हणाला, सायेब, माज्या म्होरनं जो जातोय त्येच्या गळ्यात बिल्ला अस्तोय, मला तेवढंच सांगितलंय.

कोडोलीचा प्रकार तर त्याहून वरचा. नागाप्पाचे दोन बिल्ले गावाला गेलेत. चावडीत खिळ्याला टांगतात. आळीवार पाळी लावली आहे. पूर्वी ज्याला सवड असे तो येई. आता पाळी आली की यावंच लागतं, नाहीतर आळीची अब्रू जाते. नागाप्पाची बायको मल्लव्वा मला हात जोडून म्हणाली, लई बेस काम क्येलासा सायेब, आदी दोघं भाऊबंद येत नव्हतं, आता त्येस्नीबी यावं लागतंय.

आकडे निबंधात घेताना सुधारून घ्यावे लागतील. मागच्या खिडक्यांना जाळ्या मागवल्या.

२० जानेवारी
खाट नंबर १९ वर गुंडू पैलवान दाखल. लढतीत पाय मोडला. गुडघ्याच्या वर प्लास्टर. खाट कमी पडते म्हणून पायाशी बाक लावलं.

त्याला अमेरिकन भुकटीचं दूध दिलं. त्यानं वास घेतला आणि पेला मला परत दिला. म्हणाला, ह्यात म्हस कुठं हाय?

२१ जानेवारी
सकाळी दहाला फाटकावर म्हैस. सोबत गुंडूचा वस्ताद. तालमीतली मेहनत आटोपून थेट आलेला, अंगाला अजून तांबडी माती. म्हणणं असं की पैलवानाला डोळ्यासमोर काढलेलं धारोष्ण दूधच पाहिजे, त्याशिवाय हाड सांधत नाही. मी ठाम राहिलो. बिल्ल्याशिवाय प्रवेश नाही. वस्तादांनी वाद घातला नाही. नियम समजावून सांगितला की माणसं ऐकतात.

२२ जानेवारी
म्हैस बिल्ला घालून आली. नंबर ३७.

गुंडूच्या खाटेचे बिल्ले ३७ आणि ३८. ३८ वस्तादांच्या गळ्यात. शिवय्यानं दोन्ही नंबर वहीत लिहून फाटक उघडलं. मी धावत गेलो तेव्हा म्हैस व्हरांड्याला लागून उभी, तानाबाई तिला गोंजारत होती, आणि हाडांचा अख्खा वॉर्ड पेले घेऊन बसलेला. शिवय्याला झापलं तर म्हणाला, नेमात 'जीव' लिवलंय की. म्हस जीव न्हाय व्हय?

ताबडतोब नियम १-अ लिहिला : बिल्ला फक्त मनुष्यमात्रास. डॉ. सरनोबतांकडे नेला. त्यांच्या टेबलावर दुधाचा पेला होता. त्यांनी १-अ वर रेघ मारली. म्हणाले, हेरलेकर, तुमच्या योजनेत नियम पाळणारी एकच आहे, तिला कशाला बाहेर काढता? सदतीस नंबर तिचा राहू दे.

पुढे अॅडमिनिस्ट्रेटर झालो की हे सगळं बदलणार.

३१ जानेवारी, रविवार
बाबांनी महाद्वार रोडभर सांगून ठेवल्यामुळे गल्लीतल्या मंडळानं माझा सत्कार केला. परदेशगमनाप्रीत्यर्थ. शाल, नारळ, हार. मी सांगत होतो की अजून अर्जही गेला नाही. अध्यक्ष म्हणाले, पुढे फेब्रुवारीत हॉल मोकळा नाही. भाषण केलं. शेवटी गहिवरलो. गेलोच आहे असं वाटलं.

शाल चांगली आहे. तांबडी, काठाला जर. तिकडे थंडीत उपयोगी पडेल. सरोजिनीनं ती घडी करून आपल्या ट्रंकेत ठेवली. विचारलं तर म्हणाली, लागेल.

१४ फेब्रुवारी
सरोजिनीला सातवा संपून आठवा. पहिलं बाळंतपण, म्हणून निपाणीला माहेरी जायचं आहे. सासूबाईंचं पत्रावर पत्र. पण निबंधाची स्वच्छ प्रत कोणी काढायची? माझं अक्षर विचारांच्या वेगामुळे लागत नाही. तिचं अक्षर छापल्यासारखं, आणि मॅट्रिकला इंग्रजीत पहिली. म्हटलं, चार दिवस थांब.

ती लिहिताना मध्येच थांबून म्हणाली, हे ११९ एकाच दिवशीचे होते ना? मग सहाही आठवड्यांत ११९ कसे? म्हटलं, सरासरी. ती म्हणाली, सरासरी अशी नसते. मग चिंच खायला उठून गेली. ही चिंच तिला तानाबाई रोज माझ्याच डब्यातून पाठवते, हे आज कळलं. मी तीन आठवडे रिकामा डबा समजून नेत होतो.

२३ फेब्रुवारी
कोट आला. लोकरी, करडा. घालून कचेरीत गेलो. दुपारी बाराला घेरी आली. तानाबाईनं तोंडावर पाणी मारलं. म्हणाली, थंडी वाजती व्हय? आता सवय होते आहे.

१ मार्च
शिफारशीचा कागद घेऊन डॉ. सरनोबतांकडे गेलो. त्यांनी निबंध वाचला. सबंध. मग मला खिडकीशी नेलं. समोर जाळीला बाहेरून एक माणूस लटकला होता आणि जाळीच्या भोकातून आत कोणाला तरी ऊस देत होता.

सर म्हणाले, यात लिहिलंय ते खरं करून दाखवा. सोमवार आठ ते शनिवार तेरा. मी रोज साडेदहाला फेरी काढणार. तुमच्याच नियम दोनप्रमाणे. सहा दिवसांत बिल्ल्याशिवाय एकही जीव सापडला नाही, तर शनिवारी वॉर्डातच उभ्यानं सही करतो. एक सापडला, तर पेन खिशात.

तेराला सही, त्याच दिवशी हवाई टपाल, महिनाअखेर तिकडे. अगदी नेमकं बसतं.

सरोजिनीचं जाणं अर्थात पुढे ढकललं. शिफारशीचा मसुदाही तिलाच लिहायचा आहे. शनिवारी तेराला सासूबाई येऊन घेऊन जातील. दिवस एप्रिलमध्ये भरतात. भरपूर वेळ आहे.

५ मार्च
आज तानाबाईनं सगळ्या नातेवाइकांना फाटकाबाहेरच्या चिंचेखाली गोळा केलं. लांबून ऐकलं. ती म्हणत होती, आठ दिस, फकस्त आठ दिस दम धरा. खिडकीतनं बिल्ला सोडू नगासा. सही झाली की सायेब दोन वर्सं अमेरिकेला जात्यात.

त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आपल्याबद्दल लोकांना इतकं वाटतं हे माणसाला जायच्या वेळीच कळतं.

८ मार्च, सोमवार
फेरी. सगळ्यांच्या गळ्यात बिल्ला. पास.

९ मार्च
पास. पण वॉर्डात एक गोष्ट लक्षात आली. माणसं कमी झाल्यामुळे भरवायला, उठवायला, पाणी द्यायला हात पुरेनात. आया पाचच. तानाबाईनं मला लघवीचं भांडं आणून दिलं. म्हणाली, तीस नंबरला द्या. मी म्हटलं, मी हेडक्लार्क आहे. ती म्हणाली, त्येला त्ये कळंपर्यंत दम न्हाय निघायचा.

दिलं. पदवीच्या अभ्यासक्रमात हे नसावं.

११ मार्च
पास. आज सात जणांना भरवलं. नागाप्पा म्हणाला, सायेब, घास बारका करा. मल्लव्वा बारका करती.

१२ मार्च, शुक्रवार
पास! पाच दिवस! आता फक्त उद्या. निपाणीहून सासूबाई आणि सरोजिनीची थोरली बहीण आक्का आल्या. उद्या अकराच्या मोटारीनं घेऊन जाणार. सरोजिनीचा चेहरा उतरलेला. म्हणाली, पाठ दुखते आहे. म्हटलं, ट्रंक भरायला वाकलीस म्हणून. ती म्हणाली, तुमच्या निबंधाला वाकले म्हणून.

१३ मार्च, शनिवार. सकाळी ७
कोट, टाय. खिशात शिफारशीचा कागद, पेनात शाई. आजचा दिवस इतिहासात जाणार.

सकाळी ९
टांग्यातून सरोजिनी आली. सासूबाई आणि आक्का दोन्ही बाजूंनी धरून. एक महिना आधी! मी रजिस्टरमध्ये नाव दोनदा लिहिलं. पेन नवं आहे. बाळंतिणींचा वॉर्ड, खाट ५५. बिल्ले १०९ आणि ११०. एक सासूबाईंना, एक आक्काला, माझ्याच हातानं दिले. नियमाप्रमाणे दोन.

सरोजिनी माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, काळजी करू नकोस, फेरी साडेदहाला आहे. हे वाक्य मी का बोललो?

सकाळी १०. फाटकाबाहेर, पाकिटाच्या पाठीवर लिहितो आहे
टांगा हलवायला सांगायला म्हणून बाहेर आलो. परत जाताना शिवय्यानं काठी आडवी धरली. विचारलं, आत कुणीकडं चाललायसा? कारकून म्हणून का बाप म्हणून? कारकून म्हणून असंल तर कचेरी डाव्या अंगाला. बाप म्हणून असंल तर बिल्ला दावा.

म्हणता आलं असतं, कारकून म्हणून. पण आतून सरोजिनीची किंकाळी ऐकू आली आणि तोंडातून गेलं, बाप म्हणून.

मग सायेब, बिल्ला, शिवय्या म्हणाला. नियम चौथा. त्याचे डोळेही भरले होते, पण काठी हलली नाही. मीच त्याला असा तयार केला आहे.

म्हणून बाहेर, चिंचेखाली. इथे दोनशे माणसं आहेत. सगळी पाळीची वाट पाहत बसलेली. मी यांना कधी या बाजूनं पाहिलं नव्हतं. मल्लव्वानं पोत्यावर जागा केली. तिच्याकडेही बिल्ला नाही, आज वरच्या आळीची पाळी. म्हणाली, बसा, पयली येळ हाय, काळजी वाटतीच. मी धा हप्तं आशीच बसतुया. मी म्हटलं, दहा आठवडे? ती म्हणाली, व्हय की, तुमचा बिल्ला निगाल्यापासनं.

१०.१०
आतून आवाज नाही. हे जास्त वाईट आहे.

१०.१५
खिडकीच्या जाळीशी तानाबाई. ओरडून म्हणाली, मंडळी तुमास्नी हाका मारत्यात, घाबरल्यात लई, या की आत! म्हटलं, बिल्ला नाही. तिनं मला एक शिवी दिली. लिहिण्यासारखी नाही.

त्याच वेळी वस्ताद म्हैस घेऊन आले. तिच्या गळ्यात सदतीस.

इथून पुढचं दुपारी चारला, घरी
मी काही भावनेच्या भरात नव्हतो. शांतपणे म्हशीजवळ गेलो. गाठ सुटेना, वस्तादांनी दातानं तोडली. म्हणाले, ऱ्हाऊंद्या पैलवान आज उपाशी, पळा! मागून मल्लव्वा म्हणाली, टाय बाजूला करा, बिल्ला दिसंना. शिवय्यानं वहीत लिहिलं : ३७, १० वाजून १७ मिनिटं. आणि फाटक सताड उघडलं. रोज अर्धंच उघडतो.

वॉर्डाच्या दारात पोचलो तेव्हा रडणं ऐकू आलं. बारीक, पण रागीट. बाबांसारखं.

मुलगी. साडेचार पौंड. तानाबाई म्हणाली, बारकी हाय पर चिवट हाय. तांबड्या जरीच्या शालीत गुंडाळलेली. माझ्या सत्काराची शाल! सरोजिनीनं ती बांधाबांध करताना वरच ठेवली होती. तिचे ओठ वाळले होते. पाणी द्यायला गेलो, तर हातात पेला नीट धरता आला. मंगळवारपासूनची सवय. ती म्हणाली, आलात? मी म्हटलं, हो, बिल्ला मिळाला. मग आम्ही दोघंही थोडं रडलो. ती का रडली, विचारलं नाही.

मुलगी माझ्या हातात होती आणि साडेदहा वाजले.

डॉ. सरनोबत आले. एकेक खाट पाहत. सासूबाई, १०९. आक्का, ११०. माझ्या गळ्यातला सदतीस त्यांनी उचलून वाचला, वास आला असावा, लगेच खाली सोडला. पेन हातात होतं, टोपण काढलेलं. मी खिशातून कागद काढून खाटेवर ठेवला. ते वाकले. मग थांबले. शालीकडे बोट केलं आणि विचारलं, आणि ही कोण?

म्हटलं, मुलगी, सर.

ते म्हणाले, रुग्ण का? केस पेपर आहे हिचा?

नव्हता. केस पेपर मीच करतो, आणि मी बाहेर चिंचेखाली होतो. नियम दोन : रुग्ण सोडून आत असणारा प्रत्येक जीव. माझंच वाक्य. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. गुंडूचे दोन शागीर्दही दारातून बघत होते, त्यांच्याही गळ्यात बिल्ले होते, कोणाचे कोण जाणे.

याचं उत्तर अगदी सोपं होतं. जन्मल्या दिवशी मूल आईच्याच केस पेपरवर असतं, सात वर्षं मीच तसं लिहीत आलो आहे. हे मला दुपारी तीनला आठवलं. त्या वेळी हात आपोआप गळ्याकडे गेला. बिल्ला काढला आणि मुलीच्या गळ्यात घातला. तिच्या छातीएवढा होता. ती गप्प झाली.

सगळे हसले, टाळ्या पडल्या. मीही हसलो. डॉ. सरनोबतांनी मान हलवली, ठीक आहे म्हणाले, आणि मग माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहत राहिले.

म्हणाले, हेरलेकर, एक जीव सापडला.

टोपण लावलं. पेन खिशात. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अभिनंदन. आणि पुढच्या खाटेकडे गेले.

तानाबाई मट्कन खाली बसली. डोक्याला हात लावून म्हणाली, म्हंजे सायेब, तुमी जात न्हाय व्हय आता? बिचारीला फार लागलं. मी तिची समजूत घातली, की मी इथेच आहे, रोज भेटणार आहे. ती आणखीच खचली.

१४ मार्च
विचार केला. तिकडे थंडी फार असते. कोटाला तीन मोठे डाग पडले आहेत, एक भांड्याचा, दोन मुलीचे. पुढच्या वर्षी अर्ज करता येईल. माहितीपत्रक शोधलं. सासूबाईंनी त्याचा कागद डिंकाच्या लाडवांखाली घातला आहे.

बाबा बाळाला पाहायला आले होते. बिल्ल्याशिवाय. शिवय्यानं अडवलं नाही. विचारलं तर म्हणाला, तुमी अमेरिकेला न्हाय ग्येला, मग कशाला? बाबांनी नात हातात घेतली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, नाक माझं आहे. अमेरिकेबद्दल एक शब्द नाही. मी तयार उत्तरं घेऊन बसलो होतो.

१६ मार्च, मंगळवार
आज दहा वाजता मोजले नाही. पण बरेच होते. मल्लव्वा नागाप्पाजवळ बसलेली दिसली. घास बारका करत होती.

गुंडूनं तक्रार केली की म्हैस तीन दिवस फाटकाबाहेर उभी आहे. शिवय्या बाकी सगळ्यांना सोडतो, पण म्हशीचं नाव वहीत नंबरासकट असल्यामुळे तिला बिल्ल्याशिवाय सोडत नाही. डॉ. सरनोबत म्हणाले, सदतीस परत आणा नाहीतर नवीन करा, हे काम अॅडमिनिस्ट्रेशनचं आहे. पहिल्यांदाच त्यांनी माझ्यासमोर तो शब्द वापरला.

सदतीस परत देणं शक्य नाही. सरोजिनीनं तो दोऱ्यानं पाळण्याला बांधला आहे. वारा आला की वाजतो आणि मुलगी त्याच्याकडे बघत राहते. तानाबाई सांगते की तीन दिवसांच्या पोराला काही दिसत नाही. तिला काय कळतंय.

संध्याकाळी पत्रेवाल्याकडे गेलो. म्हटलं, एक बिल्ला पाहिजे, नंबर १२५. त्यानं विचारलं, खाट वाढली का? म्हटलं, नाही. मग कोणासाठी? सांगितलं, म्हशीसाठी.

तो हसला नाही. जाड पत्रा घेतला, भोक मोठं पाडलं, कडा घासून गोल केल्या, तिच्या गळ्याला लागू नये म्हणून.